बोटांचा हिशोब : कारखान्यातील गंभीर दुखापती आणि त्यांची नोंद

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

शीर्षक वाचून काहींच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, की हा विषय अभियांत्रिकीच्या किंवा फार तर कायद्याच्या विद्यार्थ्याचा. कला शाखेच्या वार्षिकात त्याचे काय काम? त्यावर माझे उत्तर असे, की दुखापत यंत्रावर होते हे खरे, पण तिची नोंद कागदावर होते आणि ती शब्दांत होते. ‘गंभीर’ कशाला म्हणावे, ‘कामावर असताना’ याचा अर्थ काय, ‘कामगार’ कोणाला समजावे, या शब्दांच्या व्याख्यांवर एका माणसाच्या पुढील आयुष्याची मिळकत अवलंबून असते. शिवाय अर्थशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आपण जे सरकारी तक्ते परीक्षेसाठी पाठ करतो, ते अशाच नोंदींची बेरीज करून तयार झालेले असतात. नोंद अपुरी असेल तर तक्ता अपुरा, आणि तक्ता अपुरा असेल तर त्यावर उभारलेले आपले निष्कर्षही अपुरेच. म्हणून प्रस्तुत लेखात गंभीर दुखापत होते कशी, कायद्याने तिची व्याख्या कशी केली, ती नोंदवहीपर्यंत पोहोचते कशी आणि वाटेत गळते कोठे, याचा विचार करण्याचे योजिले आहे.

पूर्वपीठिका

हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि १०० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, धोक्याच्या यंत्रांना कठडे असावेत आणि अपघातांची खबर सरकारला द्यावी, अशा तरतुदी त्यात होत्या. दुखापत झालेल्या माणसाचे पुढे काय व्हावे, याविषयी त्यात काही नव्हते.

ती उणीव ज्यांनी जाहीरपणे दाखवून दिली, त्यांत आपल्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्या वेळच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. १८९० साली ती सुटी मिळालीही. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. गिरणीत काम करताना गंभीर दुखापत होऊन जो कामगार काही काळ कामास निरुपयोगी होईल, त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अपंग होईल, त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी. आजच्या भाषेत तात्पुरते अपंगत्व आणि कायमचे अपंगत्व हा जो भेद आपण करतो, तो येथे स्पष्ट दिसतो. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली जे मागितले, ते कायद्यात येण्यास १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. मध्ये जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. एक कारखाने अधिनियम आणि दुसरा कामगार राज्य विम्याचा. भोपाळची वायुदुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये घडली आणि त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. अगदी अलीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, चार श्रमसंहिता अमलात आल्या. कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली, तर भरपाई व विमा हे विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. हा सारा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मोठी दुर्घटना घडली की कायदा हलतो. पण जी दुर्घटना एका वेळी एका बोटापुरतीच घडते, आणि रोज घडते, ती कायद्याला हलवीत नाही. ती मोजली तरच दिसते.

‘गंभीर’ म्हणजे काय?

१९४८ च्या अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे दोन प्रकारच्या अपघातांची खबर देणे व्यवस्थापकावर बंधनकारक होते. ज्यात मृत्यू झाला तो अपघात, आणि ज्यातील दुखापतीमुळे माणूस अपघातानंतर लगेचचे ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही तो अपघात. नव्या संहितेनेही हीच ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली आहे. येथे कसोटी जखमेची नाही, गैरहजेरीची आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

‘गंभीर शारीरिक दुखापत’ हा शब्द कारखाने अधिनियमात आला तो शिक्षेच्या कलमात, म्हणजे कलम ९२ मध्ये. अवयवाचा कायमचा नाश किंवा त्याला कायमची इजा, दृष्टी वा श्रवणशक्ती जाणे किंवा तिला इजा होणे, तसेच कोणतेही हाड मोडणे, हे सर्व गंभीर. मात्र लगेच पुढे एक अपवाद जोडलेला होता. हाताच्या किंवा पायाच्या बोटाचे एकच हाड वा सांधा मोडला असेल, तर ती दुखापत गंभीर नाही. एकाहून अधिक मोडले तरच गंभीर.

आता गंमत पहा. खाणींसाठी १९५२ चा निराळा कायदा होता. त्यातील व्याख्येत बोटाचे एक हाड मोडले तरी दुखापत गंभीरच धरली जात असे. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच बोटाचे एकच हाड कोळशाच्या खाणीत मोडले तर गंभीर आणि पत्र्याच्या कारखान्यात मोडले तर किरकोळ! हाड तेच, वेदनाही तीच, पण त्या दोन माणसांच्या मध्ये कायद्याचे एक वाक्य उभे होते. नव्या संहितेने खाणींच्या कायद्यातील व्याख्या सर्वांसाठी स्वीकारली आणि बोटाचे हाड आता गंभीर दुखापतीत धरले जाते. दंडही वाढला आहे. मालकाने आपले कर्तव्य न पाळल्यामुळे गंभीर दुखापत झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद असून दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. बोटाच्या हाडाला कायद्याच्या दृष्टीने ‘गंभीर’ होण्यासाठी १९४८ पासून पुढे सत्त्याहत्तर वर्षे लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुखापत होते कशी?

बोटांवर मी एवढा भर का देतो, असे कोणी विचारील. त्याचे कारण पॉवर प्रेस हे यंत्र होय. मोटारी, सायकली, पंखे, कुलुपे, भांडी यांचे पत्र्याचे भाग याच यंत्रावर कापले आणि वाकवले जातात. वर पंच, खाली डाय, मध्ये पत्र्याचा तुकडा. बाजूला जड फ्लायव्हील सतत फिरत असते. कामगार पायडल दाबतो, क्लचची चावी बसते, फ्लायव्हीलची शक्ती पंचाला मिळते आणि तो खाली येऊन पत्रा दाबून पुन्हा वर जातो. तेवढ्या वेळात कामगाराने तयार नग काढायचा आणि नवा तुकडा डायमध्ये ठेवायचा. दिवसभरात हे हजारो वेळा होते. हात डायमध्ये, पाय पायडलवर, आणि दोहोंचा मेळ एकदा जरी चुकला तरी संपले.

त्यातही या जुन्या चावीच्या क्लचचा एक दोष असा, की चावी एकदा बसली म्हणजे फेरा पुरा झाल्याखेरीज पंच मध्येच थांबत नाही. म्हणून अशा प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा बसवला, तरी हात आत गेल्याचे त्या पडद्याला कळूनही उपयोग होत नाही. पंच खाली येतोच. चावीची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक ढिला झाला, तर पायडल एकदा दाबूनही पंच दोनदा खाली येतो. कारागीर याला ‘डबल मारला’ म्हणतात. दुसऱ्या वेळी हात आत असतो. यावर उपाय नाहीत असे नाही. बोट आत जाऊ शकणार नाही इतक्या अरुंद फटीचे पक्के जाळीदार आवरण, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज न चालणारी रचना, नग आत सरकवण्यासाठी चिमटा किंवा घसरपट्टी, आणि शक्य तेथे जुना क्लच काढून मध्येच थांबवता येणारा नवा क्लच. हे सर्व उपाय जुनेच आहेत. परंतु आवरण लावले की नग ठेवायला वेळ लागतो आणि तासाला पडणाऱ्या नगांची संख्या घटते. जेथे पगार नगावर, किंवा ठेकेदाराचा दर नगावर, तेथे आवरण कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे राहते.

आणि ते कोणी काढले, हा प्रश्न पुढे फार मोलाचा ठरतो. १९२३ च्या कायद्यात अशी तरतूद होती, की सुरक्षेचे साधन कामगाराने जाणूनबुजून काढले आणि केवळ त्यामुळे दुखापत झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्याखेरीज भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर राहत नाही. बोट जाणे हे संपूर्ण अपंगत्व नव्हे. म्हणून अपघाताच्या अहवालात ‘कारण’ या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे दोन शब्द कोण लिहितो आणि ते लिहिले जाताना जखमी माणूस कोठे असतो, याला अर्थ आहे. तो इस्पितळात असतो.

आपल्या बोलण्यातही हीच दृष्टी नकळत उतरली आहे. ‘त्याचं बोट गेलं’ असे आपण म्हणतो, जणू ते आपणहून कोठे गेले! ‘हात सापडला’ म्हणतो, त्यात यंत्र नाही आणि यंत्र चालवायला लावणाराही नाही. ‘अपघात’ या शब्दाला तर दैवाचा वास आहेच. म्हणून या लेखात मी शक्यतो ‘दुखापत’ हा साधा शब्द वापरला आहे.

यंत्रापासून नोंदवहीपर्यंत

नोंद होण्याचा राजमार्ग पुढीलप्रमाणे. दुखापत झाली की प्रथमोपचार, मग विम्याचे इस्पितळ. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत टिपण. विमा महामंडळाकडे अपघाताचा अहवाल. ४८ तासांची मर्यादा ओलांडली की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे खबर. तेथून राज्याची बेरीज, आणि ती मुंबईत शीव येथे कार्यालय असलेल्या केंद्राच्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाकडे. तेथे देशाचा तक्ता तयार होतो.

आता या मार्गावरील गळतीची ठिकाणे पाहू.

पहिले ठिकाण म्हणजे ४८ तास. दुखापत झालेल्या माणसाला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कामावर बोलावायचे, ‘हलके काम’ म्हणून खुर्चीवर बसवायचे आणि हजेरीपटावर हजर दाखवायचे. माणूस गैरहजर नाही, म्हणजे कायद्याच्या कसोटीला दुखापत उतरली नाही. काही कारखान्यांच्या फाटकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो आणि ठरावीक दिवस पुरे झाले की सर्वांना भेटवस्तू मिळते. हेतू चांगलाच असतो. पण परिणाम असा होतो, की ज्याला लागले तो आपल्याच सोबत्यांच्या भेटवस्तूच्या आड येतो, आणि म्हणून तोच गप्प बसतो.

दुसरे ठिकाण ठेकेदारी. यंत्र कंपनीचे, छप्पर कंपनीचे, माणूस मात्र ठेकेदाराचा. माणूस जखमी झाला की तो कोणाच्या नोंदवहीत लिहायचा हा वाद सुरू होतो, आणि वाद चालू असताना वही कोरी राहते.

तिसरे ठिकाण विम्याची नोंदणी. हरियाणातील गुडगाव व मानेसर भागात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांसाठी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था काम करते. तिने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. बहुसंख्य जखमींना विम्याचे ओळखपत्र मिळाले ते नोकरीच्या पहिल्या दिवशी नव्हे, तर दुखापत झाल्यानंतर. त्याच अहवालांप्रमाणे हात चिरडलेल्या कामगारांनी सरासरी दोन बोटे गमावलेली आहेत आणि यांत पॉवर प्रेसचा वाटा सर्वांत मोठा आहे. ही एकटी संस्था वर्षाकाठी जेवढ्या जखमींना मदत करते, तेवढ्या दुखापतीही साऱ्या राज्याच्या सरकारी तक्त्यात दिसत नाहीत. तक्ता आणि वास्तव यांतील अंतराचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

चौथे ठिकाण म्हणजे छोटी वर्कशॉपे. दहापेक्षा कमी माणसे असली की ते ठिकाण या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहते, हा सर्वसाधारण नियम आहे. येथे मला घरातले उदाहरण द्यावेसे वाटते. माझे मामा अशाच एका सातआठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालक स्वतः त्यांना आपल्या गाडीतून खाजगी दवाखान्यात घेऊन गेले, सारे बिल त्यांनी भरले, वर दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला. केसपेपरवर कारण लिहिले गेले, ‘घरी दरवाज्यात बोटे सापडली’. ते कोणी सांगितले, हे मामांना आजही आठवत नाही. त्या वेळी ते शुद्धीवर नव्हते. ‘शेट माणूस म्हणून वाईट नव्हते,’ असेच मामा म्हणतात आणि ते खोटे नसावे. पण पुढे वर्कशॉप बंद पडले, शेट दुसरीकडे गेले. मामांनी दुसऱ्या कारखान्यांत विचारले, तेव्हा तीन बोटांच्या हाताला प्रेसवर कोणी घेईना. आता ते एका सोसायटीत रात्रपाळीचे रखवालदार आहेत. भरपाईच्या कायद्याला कामगारांच्या किमान संख्येची अट नव्हती, म्हणजे त्यांचा हक्क होता. पण हक्क सांगायला जो एकमेव कागद हातात होता, तो दरवाज्याचे नाव सांगत होता. आमच्या मामीने तो केसपेपर अजून जपून ठेवला आहे.

सांगायचा मुद्दा हा, की नोंद बुडण्यास दरवेळी दुष्टपणाच लागतो असे नाही. चांगुलपणानेही नोंद बुडते. शेटजींच्या दयेने दोन महिने निघाले. नोंदीने कदाचित उरलेली वर्षे निघाली असती.

टक्केवारी

नोंद झाली तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराच्या भागांची यादी आणि त्यांपुढे कमाई करण्याच्या शक्तीतील घट टक्केवारीने दिलेली होती. अंगठा गेला तर ३० टक्के. अंगठ्याजवळचे पूर्ण बोट १४, मधले १२, करंगळी किंवा तिच्या शेजारचे ७. एका हाताची दोन बोटे २०, तीन ३०, चार ५०. दोन्ही हात गेले तर १००. वाचताना अंगावर काटा येतो, पण ही यादी नसती तर प्रत्येक बोटासाठी घासाघीस करावी लागली असती, हेही खरे.

हिशोब असा. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. हिशोबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० साली १५,००० रुपये करण्यात आली. पंचवीस वर्षांच्या माणसाचा गुणक २१६.९१. म्हणजे ९,००० गुणिले २१६.९१, एकूण १९,५२,१९० रुपये. दोन बोटे गेली तर त्याचे २० टक्के, म्हणजे ३,९०,४३८ रुपये. विमाधारक कामगाराला हीच भरपाई एकरकमी न मिळता विमा महामंडळाकडून दरमहा मिळते. परंतु दोन्ही वाटांना एकच दार आहे. दुखापत नोकरीमुळे आणि नोकरी करीत असताना झाली, हे सिद्ध झाले पाहिजे. ते सिद्ध करणारा पहिला कागद म्हणजे त्याच दिवशी झालेली नोंद.

टक्केवारीलाही मर्यादा आहेत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ओळखले आहे. डिसेंबर १९७५ मधील एका निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. यादीप्रमाणे ती घट शंभर टक्के नव्हती. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची शक्ती पूर्णच गेली, असे न्यायालयाने मानले. हाताची किंमत हातावरून नव्हे, हाताने होणाऱ्या कामावरून ठरवावी, हा त्यातील विचार मला फार मोलाचा वाटतो.

आकडे कसे वाचावेत?

आता आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. केंद्रीय महासंचालनालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०१७ ते २०२० या काळात भारतातील नोंदणीकृत कारखान्यांत दररोज सरासरी ३ मृत्यू आणि ११ दुखापती झाल्या. म्हणजे एका मृत्यूमागे चारदेखील दुखापती नाहीत.

याच्या शेजारी ब्रिटनचे आकडे ठेवू. तेथे २०२२-२३ या वर्षी सर्व उद्योगांत मिळून १३५ कामगार मृत्युमुखी पडले आणि मालकांनी कळवलेल्या दुखापती होत्या ६०,६४५. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे ४५० दुखापती. घरोघरी विचारून केलेल्या पाहणीत मात्र दुखापत झाल्याचे सांगणाऱ्यांची अंदाजित संख्या ५,६१,००० निघाली. तीत किरकोळ दुखापतीही येतात. तरीसुद्धा जेवढ्या दुखापती कायद्याने कळवायला हव्यात, त्यांपैकी निम्म्याच मालक कळवतात, असे तेथील सरकारी खातेच मान्य करते.

या दोन गुणोत्तरांची तुलना काटेकोर नाही. एकीकडे फक्त कारखाने आहेत, दुसरीकडे कचेऱ्या आणि दुकानेही. पण दुसरी बाजू अशी, की ब्रिटनमध्ये २०१२ पासून सात दिवसांहून अधिक गैरहजेरी घडवणारी दुखापत किंवा काही ठरावीक गंभीर दुखापतीच कळवाव्या लागतात, आणि आपल्याकडे ४८ तास पुरेसे आहेत. आपली चाळणी बारीक आहे, म्हणजे आपल्या चाळणीत अधिक दुखापती अडकल्या पाहिजेत. प्रत्यक्षात शंभरपटीहून कमी अडकतात. याचा अर्थ एकतर आपली यंत्रे माणसाला फक्त ठारच मारतात, जखमी करीत नाहीत, किंवा जखमी माणसे तक्त्यात येत नाहीत. पहिला अर्थ कोणीही मान्य करणार नाही.

अमेरिकन विमातज्ज्ञ हाइनरिक याने १९३१ साली १ : २९ : ३०० असे एक गुणोत्तर मांडले होते. एका मोठ्या दुखापतीमागे २९ लहान आणि ३०० विनादुखापतीचे प्रसंग असतात, असे त्याचे म्हणणे. पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत आणि हे प्रमाण सर्व उद्योगांना सारखेच लागू पडते असे कोणी समजू नये. पण त्यातील साधे तत्त्व टिकते. प्रेत लपवता येत नाही, बोट लपवता येते. म्हणून ज्या तक्त्यात मृत्यू पुष्कळ आणि दुखापती थोड्या, तो तक्ता सुरक्षिततेचा पुरावा नसून नोंदीच्या अभावाचा पुरावा समजावा. उलट एखाद्या वर्षी दुखापतींचा आकडा वाढला, तर लगेच ओरड न करता नोंद सुधारली काय, हे आधी तपासावे.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे १ जानेवारी २०१५ पासून इस्पितळात दाखल करावे लागणे, अवयव तुटणे किंवा डोळा जाणे यांपैकी काहीही झाले तर २४ तासांच्या आत आणि मृत्यू झाला तर ८ तासांच्या आत मालकाने सरकारला कळवावे, असा नियम झाला. बोटाचे टोक तुटले, मग हाड गेलेले असो वा नसो, तरी ते अवयव तुटणेच धरले जाते. येथे कसोटी गैरहजेरीची नाही, जखमेची आहे, आणि म्हणून ‘हलक्या कामा’ची युक्ती तेथे चालत नाही. पहिल्याच वर्षी १०,३८८ गंभीर दुखापती कळवल्या गेल्या. त्यांत २,६४४ अवयव तुटण्याच्या होत्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कारखान्यांतील होत्या. एवढे असूनही सुमारे निम्म्या दुखापती आपल्यापर्यंत आल्याच नसाव्यात, असे त्या खात्याने स्वतःच म्हटले. कारखान्यांच्या नावांसह हे अहवाल सर्वांना पाहण्यास खुले आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कळवण्याची कसोटी गैरहजेरीबरोबर जखमेचीही असावी. दुसरी, नोंदीचा उगम एकच नसावा. आज जखमेची खबर ज्याने द्यायची, त्याच्याच अंगावर ती खबर दिल्याने जबाबदारी येते. इस्पितळाने, विमा महामंडळाने आणि कामगाराने स्वतः दिलेली माहिती एकत्र ताडून पाहिली, तर यांपैकी एकाला ती बुडवणे कठीण जाईल. तिसरी, जखमी माणसाला त्याच्याविषयी लिहिलेला कागद वाचून दाखवला जावा आणि त्याची प्रत मिळावी. ही तिसरी गोष्ट करायला कोणत्याही संहितेची वाट पाहावी लागत नाही.

आणि येथे कला शाखेच्या विद्यार्थ्याला करण्यासारखे काम आहे. आपल्या महाविद्यालयात सकाळच्या वर्गांना येणाऱ्यांपैकी कितीतरी जण दुपारी किंवा रात्री एखाद्या कारखान्यात जातात, आणि कितीतरी जणांचे वडील, भाऊ, मामा तेथेच आहेत. विम्याचे ओळखपत्र नोकरीच्या पहिल्या दिवशीच मागून घ्यावे, दुखापत झाली तर तारीख, वेळ, यंत्र आणि जवळ असलेल्या सोबत्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, आणि डॉक्टरांच्या कागदावर कारण काय लिहिले आहे ते वाचून पाहावे, एवढे आपण घरी सांगितले तरी पुष्कळ झाले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावातील विहिरी आणि शौचालये मोजतो. एखाद्या वर्षी जवळच्या औद्योगिक वसाहतीमागच्या चाळींत जाऊन हातांची बोटे मोजावीत, अशी सूचना मी आमच्या विभागाच्या प्राध्यापकांपुढे या लेखाच्या निमित्ताने ठेवीत आहे. त्या मोजणीतून जो तक्ता तयार होईल, तो लहान असेल, पण त्यातील प्रत्येक आकड्यामागचा माणूस आपण पाहिलेला असेल.